चार खोल्यांचं हृदय

माणसानं निवृत्त व्हावं, पण रिकामं होऊ नये, असं काकूंचं मत होतं. ते त्यांनी काकांच्या निवृत्तीच्या पहिल्याच सकाळी बोलून दाखवलं, कारण त्या सकाळी काकांनी साखरेच्या डब्यावरच्या चिठ्ठीतलं शुद्धलेखन सुधारलं होतं. बिचाऱ्यांचा तरी काय दोष? उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. खिशाला लाल पेन नसलं की अंगात सदराच नाही असं त्यांना वाटायचं. इमारतीत त्यांना सगळे दुरुस्तीकाका म्हणत. एकदा नव्यानं राहायला आलेली एक बाई हे नाव ऐकून बंद पडलेली इस्त्री घेऊन आली. काकांनी इस्त्रीला हात लावला नाही, पण खोक्यावरच्या चुका दाखवल्याशिवाय बाईला सोडलंही नाही.

तर अशा माणसाची लेक डॉक्टर. म्हणजे जवळजवळ डॉक्टर. वैद्यकीय महाविद्यालयात गेली त्या दिवसापासून इमारतीनं तिला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायला सुरुवात केली होती. अभ्यास झाला, पदवी झाली, लायसन्सची लेखी परीक्षा पहिल्या झटक्यात झाली, आणि तोंडी परीक्षेत गाडं अडलं. एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा हृदयाच्या विषयात. तोंडी परीक्षेला तीनदाच बसता येतं. तिसऱ्यांदा नापास म्हणजे लेखीपासून पुन्हा श्रीगणेशा. त्यात एका इस्पितळानं तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, आणि त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं की यंदा लायसन्स आलं तर ठीक, नाही तर आम्ही दुसरी डॉक्टर बघतो.

“पोरगी हृदयात कच्ची आहे,” काकांनी निदान केलं.

“कच्ची कसली? तिला सगळं पाठ आहे,” काकू म्हणाल्या. “ती चुकत नाही हो. ती हो म्हणते.”

“म्हणजे?”

“परीक्षक मुद्दाम काहीतरी उलटसुलट विचारतात. पहिल्या वेळी म्हणाले, छातीत दडपण आलंय, दरदरून घाम सुटलाय, पण अपचनच दिसतंय, नाही का? ही म्हणाली, हो सर. कागदावरचा रुग्ण गेला की हो जिवानिशी! दुसऱ्या वेळी फुप्फुसात आधीच पाणी भरलेल्या माणसाला सर म्हणाले, अजून एक सलाइन लावू या ना? ही म्हणाली, हो सर. तोही गेला.”

काकांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, “मोठ्यांना हो म्हणते यात वाईट काय आहे? तसंच वाढवलंय आपण तिला. पाया कच्चा आहे, म्हणून हो म्हणते. पाया मी पक्का करतो.”

काकूंनी कपाळाला हात लावला. पण काकूंनी कपाळाला हात लावला म्हणून काका थांबले, असं आजवर कधी झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी लेक ग्रंथालयात गेलेली असताना काकांनी तिचं हृदयरोगाचं जाडजूड पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर पानभर हृदयाचं चित्र होतं, आणि ते बघून काकांचे डोळे चमकले. चूक! एवढी मोठी चूक! चित्रातल्या डाव्या हाताच्या कप्प्यांवर लिहिलं होतं ‘उजवे’, आणि उजव्या हाताच्या कप्प्यांवर ‘डावे’. छापखान्यात चित्राचा ब्लॉक उलटा लागला की असं होतं, हे काकांना पाठ होतं. ‘हे असलं वाचून पोरगी नापास होणार नाही तर काय,’ ते स्वतःशीच म्हणाले, आणि खिशातलं लाल पेन काढून त्यांनी अख्ख्या प्रकरणातलं डावं उजवं केलं आणि उजवं डावं. ओळ न् ओळ. दुपारचा चहासुद्धा गार झाला. संध्याकाळी प्रकाशकाला फोन लावला, तर पलीकडून नुसती बासरी वाजत राहिली. बासरी बरी होती, पण बोललं कुणीच नाही.

आता ते चित्र आपल्याकडे तोंड करून उभ्या माणसाच्या हृदयाचं असतं, त्यामुळे त्याचं उजवं आपल्या डाव्या हाताला येतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण शाळेतल्या पोरानं तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या नसतात ना!

लेक घरी आली. तिनं पुस्तक उघडलं. लाल रेघा बघितल्या. बाबांकडे बघितलं. बाबा असे उभे होते की पाठीवर थाप पडायची तेवढी बाकी.

“बघितलंस? केवढा घोटाळा होता! आता कसं स्वच्छ झालं, नाही का?”

“हो, बाबा,” लेक म्हणाली.

इथे एखादा शहाणा माणूस थांबला असता. पण काकांना त्या रात्री झोपेतच कल्पना सुचली, आणि झोपेत सुचलेल्या कल्पनांना वेसण घालायला कुणी जागं नसतं. हृदयात चार कप्पे. आपल्या घरात चार खोल्या. पुस्तकातून शिकलेलं माणूस विसरतो, पण रोज चाललेली वाट विसरेल का? सकाळी उठून त्यांनी घोषणा केली की परीक्षा होईपर्यंत हे घर म्हणजे हृदय आहे.

रचना अशी. पुढच्या दारानं बाहेरून दमूनभागून येणारी माणसं म्हणजे शरीरातून परत आलेलं, प्राणवायू संपलेलं रक्त. ते आधी हॉलमध्ये येणार. हॉलमधून झडप ओलांडून स्वयंपाकघरात. स्वयंपाकघरातून बाल्कनीत, म्हणजे फुप्फुसात; तिथे थांबून दोन मोठे श्वास घ्यायचे, ते सक्तीचे. ताजंतवानं होऊन बाल्कनीच्या दुसऱ्या दारानं आतल्या खोलीत. तिथून लेकीच्या खोलीत, आणि लेकीच्या खोलीच्या मागच्या दारानं जोरात बाहेर जिन्यावर, म्हणजे शरीरात. दारांवर पडदे लागले, दमलेल्या बाजूला निळे, ताज्या बाजूला लाल. भिंतींवर बाण आले. आणि प्रत्येक खोलीवर काकांच्या सुबक अक्षरात पाटी आली. हॉल आणि स्वयंपाकघर ‘डावे’, आतल्या दोन खोल्या ‘उजव्या’. तंतोतंत उलट.

नियम एकच, पण कडक. रक्त उलटं फिरत नाही.

पहिली अडचण अशी की लेकीच्या खोलीचं मागचं दार कित्येक वर्षं बंद होतं आणि त्याला टेकून अवजड कपाट उभं होतं. शरीराला रक्त नेणारी महाधमनीच बंद! काका आणि काकूंनी मिळून ते कपाट सरकवलं, त्यात काकूंची कंबर धरली. कपाट नेऊन ठेवलं हॉल आणि आतल्या खोलीच्या मधल्या दाराला टेकून, कारण मधल्या भिंतीला भोक असणं हा हृदयाचा जन्मजात दोष आहे, आणि आपल्या घरात असले दोष चालणार नाहीत, असं काकांचं म्हणणं. बंद दार फुगून चौकटीत रुतलं होतं. सुतार आला. त्यानं दार काढलं, तासलं, परत बसवलं, आणि ते तिरकं बसलं. सुतार म्हणाला दार सरळ आहे, भिंतच तिरकी आहे. काका म्हणाले इमारत बांधली तेव्हा मी बघायला येत होतो, भिंत सरळ आहे. शेवटी दार तिरकंच राहिलं आणि बोलणं तेवढं सरळ झालं.

मग आले सेक्रेटरी. इमारतीचे सेक्रेटरी हा फार मोठा माणूस. जिन्यात नवीन पायपुसणं आलं तरी त्यावर ठरावाशिवाय कुणाला पाय पुसू देत नसत.

“हे दार सामाईक जिन्यात उघडतं. कुणाच्या परवानगीनं उघडलंत?”

“ही महाधमनी आहे,” काका म्हणाले.

“असेल. अर्ज केलात का?”

अर्ज केला. अर्जात उघडण्याचं कारण लिहायचं होतं. काकांनी लिहिलं, ‘रक्ताभिसरण’. सेक्रेटरींनी तो तीनदा वाचला, आणि सभेत मांडतो म्हणून घेऊन गेले. सभा भरेपर्यंत दार तात्पुरतं चालू ठेवायला त्यांनी तोंडी संमती दिली, ती केवळ काकांनी अर्जाबरोबर त्यांच्या मागच्या सूचनाफलकातल्या चुकाही दाखवू नयेत म्हणून.

घर फिरायला लागलं, आणि काकूंच्या पायाला भिंगरी लागली. बेल वाजली की काकू स्वयंपाकघरात. पूर्वी चार पावलांत दार उघडत होत्या. आता स्वयंपाकघरातून बाल्कनी, तिथे दोन श्वास, आतली खोली, लेकीची खोली, तिरक्या दारानं जिन्यात, आणि वळसा घालून पुढच्या दाराशी. समोरच्या मावशी बेलवर बोट दाबून उभ्या असायच्या, आणि मागून धापा टाकत आवाज यायचा, “कोण हवंय?” मावशी पहिल्या वेळी किंचाळल्याच.

“अहो, स्वतःच्या घराबाहेर काय करताय?”

“वाहतेय,” काकू म्हणाल्या.

स्वतः काकाही सुटले नाहीत. न्हाणीघर आतल्या खोलीला लागून, आणि सदरा हॉलमधल्या खुंटीवर. आंघोळ झाल्यावर मागे फिरायची सोय नाही. टॉवेल गुंडाळून महाधमनीतून जिन्यात यावं, तर समोर सेक्रेटरी. आयुष्यभर ज्यांनी एका अनुस्वारासाठी माणसांना घाम फोडला, ते दुरुस्तीकाका टॉवेलची गाठ धरून म्हणाले, “नमस्कार.” तसं दुसरं बोलण्यासारखं होतं तरी काय?

पण एक खरं सांगायला हवं. घर हसत होतं. मावशी रोज संध्याकाळी मुद्दाम एक फेरी मारायला येऊ लागल्या; म्हणाल्या, फुप्फुसात बरं वाटतं. सुतारही दार बघायच्या निमित्तानं दोनदा वाहून गेला. कोणीही आलं की काका लेकीला हाक मारायचे, आणि ती पुढे होऊन रक्ताबरोबर घरभर चालत सगळं समजावून सांगायची. कुठली झडप कधी उघडते, गळली तर काय होतं, कुठे पाणी साचतं, पाय का सुजतात. सांगताना ती छान बोलायची. फक्त डावं-उजवं आलं की किंचित थांबायची, पाटीकडे बघायची, गिळायची, आणि पाटीवर असेल तेच म्हणायची. काकांना वाटायचं, पोरगी आठवतेय. काकूंना वाटायचं, पोरगी काहीतरी गिळतेय. काकूंचा अंदाज सहसा चुकत नसे, पण त्यांना विचारतो कोण!

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी मावशी आल्या, त्या फेरीसाठी नाही. हातात तपासणीचा रिपोर्ट होता, आणि चेहरा उतरलेला. सकाळी हृदयाची सोनोग्राफी झाली होती, रिपोर्ट संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांना दाखवायचा होता.

“काय लिहिलंय जरा सांगता? मला मेलीला काही कळत नाही, आणि जिवाला घोर लागलाय.”

लेक रिपोर्ट वाचून म्हणाली, “मावशी, घाबरू नका. डाव्या बाजूची झडप अगदी किंचित गळते. पुष्कळांची गळते. डॉक्टर बघतील, बहुतेक नुसतं लक्ष ठेवायला सांगतील.”

“थांब,” काका म्हणाले. त्यांनी रिपोर्ट हातात घेतला, चष्मा वर केला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी चमक आली. “इथेही तीच चूक! दोन पाकळ्यांची झडप कुठे असते? आतल्या खोलीच्या दाराला. म्हणजे उजवीकडे. आणि यांनी छापलंय डावीकडे! मावशी, नशीब तुमचं की तुम्ही आधी इथे आलात.” आणि त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, टोपण उघडलं, आणि टोक त्या शब्दावर टेकवलं.

“नाही, बाबा!”

घर थांबलं. काकू फुप्फुसात थांबल्या. मावशी निळ्या पडद्याला धरून उभ्या राहिल्या. या घरात मोठ्यांना ‘नाही’ कुणी म्हणालं नव्हतं, आणि या लेकीनं तर लहानपणी नावडती भाजी वाढतानासुद्धा नाही म्हटलं नव्हतं.

“काय म्हणालीस?”

“नाही,” ती म्हणाली. तिचा हात रिपोर्टवर होता. “ते डावंच आहे. रिपोर्ट बरोबर आहे. पुस्तकही बरोबर होतं. चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, बाबा. त्याचं उजवं आपल्या डावीकडे येतं. तुम्ही सगळं घर उलटं लावलंय. माझ्या पुस्तकात काय हवं ते करा, पण पेशंटच्या कागदाला हात नाही लावायचा.”

काकांनी टोपण बंद केलं. ते उठले आणि चालायला लागले. रागातसुद्धा बाणाच्याच दिशेनं गेले, स्वयंपाकघरातून बाल्कनीत, आणि तिथे रेलिंगला धरून उभे राहिले. श्वास दोनच घ्यायचे होते. त्यांनी बरेच घेतले. आयुष्यात त्यांनी हजारो चुका काढल्या होत्या, पण आपल्या नावावरची एक चूक केवढी मोठी दिसते हे त्यांना ठाऊक नव्हतं. तीही चार खोल्यांची, पडद्यांसकट.

लेक मागोमाग आली. “बाबा, चुकलं माझं.”

“तुझं काय चुकलं? चुकलं माझं.” मग जरा थांबून, “तुला कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी.”

“आणि बोलली नाहीस?”

“तुम्ही इतके खूश दिसत होतात...”

“आणि ते परीक्षक?”

लेकीनं मान खाली घातली. “तेही खूश दिसत होते.”

काकांनी दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडे बघितलं. बायको केव्हाचं सांगत होती, आणि आपण पोरीला पाया शिकवत होतो! ‘हो’ म्हणायला त्यांनीच शिकवलं होतं, लहानपणापासून, लाल पेनानं गिरवून घेतल्यासारखं.

“ये इकडे,” ते म्हणाले. “समोर उभी राहा. दोन आणि दोन पाच. बरोबर ना?”

“बाबा, काय हे...”

“मी मोठा आहे. तुझा बाप आहे. दोन आणि दोन पाच, नाही का?”

“...नाही, बाबा.”

“ऐकू आलं नाही.”

“नाही, बाबा!”

“शाब्बास. मावशी, या इकडे, बसा. डॉक्टरांची वेळ व्हायला अवकाश आहे ना? तुम्हीही विचारा काहीतरी. चुकीचंच विचारा.”

मावशींचा घोर एव्हाना अर्धा उतरला होता. त्यांनी केस सारखे केले. “मी अजून पन्नाशीचीच दिसते, नाही का गं?”

लेकीनं डोळे मिटले. “नाही, मावशी.”

“अगदी लगेच म्हणायला नको होतं,” मावशी म्हणाल्या, पण हसल्या.

बातमी जिन्यानं पसरली. सुतार आला, म्हणाला, “दार मी सरळ बसवलंय, नाही का?” अख्ख्या घरानं तिरक्या दाराकडे बघितलं. “नाही,” लेक म्हणाली, आणि हे ‘नाही’ तिला जड गेलं नाही. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका आल्या, इस्त्रीवाली बाई आली. प्रत्येकानं आपापलं काहीतरी खोटं आणलं, आणि प्रत्येकजण थोडा दुखावून, थोडा हसत गेला. सेक्रेटरी सगळ्यांत शेवटी आले. घसा साफ करून म्हणाले, “या इमारतीचा कारभार अत्यंत उत्तम चालला आहे, नाही का?”

“नाही, काका.”

“बरं. म्हणजे... हा सरावच आहे ना?”

“नाही, काका.”

सेक्रेटरींनी पुन्हा घसा साफ केला. मग म्हणाले, “परीक्षेत असंच बोल,” आणि गेले. माणूस वाईट नव्हता.

शेवटी काकू पदराला हात पुसत पुढे आल्या. “मलाही विचारू दे. तुझ्या बाबांशी संसार करून मी सुखात आहे, नाही का?” लेक एकदा आईकडे बघे, एकदा बाबांकडे. काकांचा जीव टांगणीला लागला. “या एकाला हो म्हटलंस तरी चालेल,” काकू म्हणाल्या, आणि निळा पडदा सरकवून, सगळे नियम धाब्यावर बसवून, सरळ उलट्या दिशेनं हॉलमध्ये गेल्या. काकांनी त्यांना अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका लेकीबरोबर गेले आणि परीक्षेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले. दार नीट लागत नव्हतं. काकांच्या नजरेला ते लगेच दिसलं, पण आज त्यांनी तक्रार केली नाही, उलट बाकाच्या त्या टोकाला सरकून बसले. आतून परीक्षकांचा जाड आवाज येत होता. एक आजी. आडवं झालं की श्वास कोंडतो, उठून बसावं लागतं, खोकल्यातून फेस येतो.

“म्हणजे हृदयाची उजवी बाजू थकलीय. नाही का?”

काकांनी बाकाची कड धरली. बोल गं पोरी, बोल.

“नाही, सर.” आवाज बारीक होता. “डावी. डावी बाजू थकली की पाणी फुप्फुसात साचतं. आजींना आधी बसवायचं, प्राणवायू लावायचा, आणि पाणी उतरवायचं औषध द्यायचं.”

“हं. रक्तदाब चांगला आहे, पण आजी फार दमल्यात. एक सलाइन लावून टाकू, बरं वाटेल त्यांना. काय?”

“नाही, सर.” आवाज आता बारीक नव्हता. “सलाइन लावलं तर आजी बुडतील.”

“मी किती वर्षं शिकवतोय ठाऊक आहे ना? मी चुकेन का?”

काकांच्या छातीत धडधडत होतं, आणि कुठल्या बाजूला हे आता त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“चुकलात, सर,” आतून लेकीचा आवाज आला. “आजी माझ्या असत्या तर मी तुम्हाला लावू दिलं नसतं.”

परीक्षक हसले. जाड आवाजाच्या माणसाचं हसणं दारातूनही ऐकू येतं. कागद उलटल्याचा आवाज आला, शिक्का मारल्याचा आवाज आला, आणि काका बाकावरून उठले.

संध्याकाळी घर माणसांनी भरून गेलं. मावशींना डॉक्टरांनी नुसतं लक्ष ठेवायला सांगितलं होतं, त्यामुळे त्या जोरात होत्या. सेक्रेटरी होते, सुतार होता, आणि जो तो ज्याला हव्या त्या दारानं ये-जा करत होता. अभिसरणाचे पार तीन तेरा वाजले होते. काकूंनी चहा दिला. काकांनी हातातला कप खाली ठेवला, उभे राहिले, घसा खाकरला आणि सगळ्यांसमोर विचारलं,

“काही म्हणा, पण शेवटी माझ्या पद्धतीमुळेच पास झालीस. नाही का?”

गडबड थांबली. काकूंनी डोळे मोठे केले. आजच्या दिवशी तरी हो म्हण, असं त्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं.

लेकीनं बाबांकडे सरळ बघितलं.

“नाही, बाबा,” ती म्हणाली.

काकांचा चेहरा पडायला हवा होता. पण तो असा फुलला की मावशी बघतच राहिल्या. काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं डोळे पुसले, आणि सगळ्यांना म्हणाले, “ऐकलंत? तोंडावर म्हणाली! झाली हो माझी पोर डॉक्टर.”